वणव्यांचे दफ्तर

११ सप्टेंबर १९८८ रोजी अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पाऊस आणि हंगामातला पहिला बर्फ पडला, तेव्हा कुठे तिथला वणवा मंदावला. जूनपासून तो जळत होता. हजारो अग्निशामक आणि लष्करी जवान झुंजूनही तो आटोक्यात आला नव्हता. उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग, म्हणजे ३,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश, एका उन्हाळ्यात आगीच्या तडाख्यात सापडला. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा व्यापतात, त्याच्या पाचपट हा प्रदेश भरेल.

राख निवाल्यावर वाद पेटला. इतका मोठा वणवा लागणे ही या जंगलाची जुनी रीत आहे, की माणसाच्या चुकीच्या धोरणाचा परिणाम? याचे उत्तर द्यायचे तर मागचे वणवे ठाऊक हवेत. उद्यानाची स्थापना १८७२ ची, त्यामुळे लेखी नोंदी ११६ वर्षांच्या पलीकडे जात नव्हत्या. खोडावर भाजल्याचे व्रण घेऊन जगलेली झाडे काही शतके मागे नेतात. पण यलोस्टोनच्या पाइन वृक्षांच्या जंगलात मोठी आग लागली की झाडे सहसा व्रण घेऊन जगत नाहीत, मरून जातात. मग साक्षीदार उरतात ती तिथली तळी.

सेरा मिलस्पॉ, कॅथी व्हिटलॉक आणि पॅट्रिक बार्टलाइन यांनी २००० साली यलोस्टोनमधल्या सिग्नेट तळ्याच्या गाळातून तब्बल १७,००० वर्षांचा वणव्यांचा इतिहास मांडला. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी, उन्हाळ्यातले ऊन आजच्यापेक्षा प्रखर होते तेव्हा, तिथे दर हजार वर्षांत दहाहून अधिक वणवे लागत. सात हजार वर्षांपूर्वीपासून ते कमी होत गेले. गेल्या दोन हजार वर्षांत हे प्रमाण हजार वर्षांत दोन-तीन वणव्यांवर स्थिरावले. आसपासचे जंगल मात्र या काळात बहुतांश तेच, पाइनचेच राहिले. हवामान बदलले तशी आगीची लय बदलली, हे त्या गाळाने सांगितले.

हे सारे ज्यातून कळले ते कण वाळूच्या बारीक दाण्याएवढे होते. ते कोणी मोजले, कसे मोजले, ते आकडे कुठे ठेवले आणि उद्याच्या संशोधकाला ते सापडतील का, हा या प्रकरणाचा विषय आहे.

लोणारी कोळशाचा कण

लाकूड, गवत किंवा पाने पुरेशा हवेअभावी अर्धवट जळाली की त्यांचा कोळसा होतो. खाणीतला दगडी कोळसा वेगळा. हा आपल्या ओळखीचा, शेगडीतला लोणारी कोळसा. तो सहजी कुजत नाही. वणव्याच्या झळांबरोबर त्याचे कण आकाशात उडतात, काही जवळ पडतात, काही वाऱ्याने दूर जातात. पुढच्या पावसात आणखी काही कण ओढ्यांतून वाहत येतात. तळ्यात पडलेले कण तळाशी बसतात आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे गाळ साचत जातो.

डेन्मार्कमध्ये योहानेस इव्हर्सन यांनी १९४१ साली परागकणांच्या अभ्यासाला कोळशाच्या थराची जोड देऊन अश्मयुगीन शेतकऱ्यांनी जंगल तोडून-जाळून शेती कशी सुरू केली, हे दाखवले. पुढे १९७३ मध्ये अल्बर्ट स्वेन यांनी मिनेसोटातल्या ‘लेक ऑफ द क्लाउड्स’ या तळ्याचा गाळ निवडला. तिथे दर वर्षीचा गाळ स्वतंत्र पातळ पट्टी होऊन बसतो, त्यामुळे झाडाच्या खोडातली वलये मोजावीत तशी वर्षे मोजता येतात. जेम्स क्लार्क यांनी १९८८ मध्ये कणांच्या उड्डाणाचे भौतिकशास्त्र मांडले. मोठे कण साधारणपणे जवळच्या आगीचे असतात आणि सूक्ष्म कण फार दूरवरूनही येऊ शकतात, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

यलोस्टोनच्या वणव्याने या तर्काची परीक्षा घेण्याची संधी दिली. आग कधी आणि कुठे लागली हे पक्के ठाऊक होते. व्हिटलॉक आणि मिलस्पॉ यांनी जळालेल्या आणि न जळालेल्या अशा दोन्ही भागांतल्या तळ्यांचा ताजा गाळ तपासला. जळालेल्या भागातल्या तळ्यांत कोळसा अधिक सापडला, पण न जळालेल्या भागातल्या तळ्यांतही तो पोहोचला होता. शिवाय आग विझल्यावरही पुढची काही वर्षे काठावरचा कोळसा वाहून तळाशी जातच होता. गाळातली ‘आगीची तारीख’ प्रत्यक्ष आगीपेक्षा थोडी पसरट असते, हे तेव्हापासून प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात धरले आहे.

चाळणी, सूक्ष्मदर्शक आणि वही

गाळ काढण्याचे काम अंगमेहनतीचे आहे. तराफ्यावरून किंवा हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर उभे राहून पोलादी नळी तळात खुपसतात. डॅनियल लिव्हिंगस्टन यांनी १९५५ मध्ये सुचवलेले दट्ट्याचे यंत्र आजही अनेक ठिकाणी वापरतात. नळीतून निघणाऱ्या गाळाच्या लांब कांडीला ‘कोअर’ म्हणतात. कोअर उभी चिरून तिचे दोन भाग करतात. एका भागावर काम होते आणि दुसरा न हात लावता शीतगृहात जपला जातो. मिनेसोटा विद्यापीठात तळ्यांच्या अशा कोअर साठवण्याचे मोठे केंद्र आहे.

प्रयोगशाळेत कोअरच्या प्रत्येक सेंटिमीटरमधून ठरावीक आकारमानाचा, बहुधा एक घन सेंटिमीटरचा, नमुना घेतात. रसायनात भिजवून गाळ सुटा करतात आणि १२५ मायक्रॉनच्या चाळणीतून धुतात. वर उरलेले काळे, टोकदार, ठिसूळ तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजतात. पाच मीटरच्या कोअरमधून असे पाचशे नमुने निघतात. हे काम महिनोन्‌महिने चालते, आणि त्याचे फळ असते एक तक्ता: खोली, आकारमान, कणांची संख्या.

हा तक्ता फार मोलाचा आहे. मोजण्यासाठी घेतलेला गाळ धुतला गेला की तो पुन्हा मिळत नाही. काही तळी आटतात, काही धरणाखाली जातात, काहींचा गाळ उपसला जातो. तक्ता हरवला तर ते मोजमाप कायमचे संपते.

बखर आणि अस्सल कागद

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींमधल्या चुकांवर त्यांनी कठोर बोट ठेवले. बखर ही कोणीतरी नंतर रचून सांगितलेली हकीकत असते. अस्सल पत्रात त्या दिवशीची तिथी, ठिकाण आणि लिहिणारा असतो. म्हणून आधी साधने छापा, निष्कर्ष त्यांवरून काढता येतील, हा त्यांचा आग्रह होता. पेशवे दफ्तरातल्या रुमालांत बांधलेल्या कागदांमधून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पुढे ४५ खंड संपादित केले. त्याच कागदांकडे आजचे अभ्यासक शेती, दुष्काळ, बाजारभाव असे त्या काळी कोणाच्या मनातही नसलेले प्रश्न घेऊन जातात.

गाळातल्या कोळशाचेही असेच आहे. शोधनिबंधातला आलेख ही बखर, आणि मोजणीचा तक्ता हा अस्सल कागद. गेल्या शतकातल्या बऱ्याच कोळसा-नोंदी फक्त आलेख म्हणून छापल्या गेल्या. मूळ तक्ते कोणाच्या वहीत, फ्लॉपीत किंवा कपाटात राहिले. कणांचे आकडे हवे असतील तर नंतरच्या संशोधकांना छापील आलेखावरची टोके मोजून ते अंदाजाने परत मिळवावे लागले.

हरवण्याचा वेगही मोजला गेला आहे. टिम व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जीवशास्त्रातले, १९९१ ते २०११ या काळात छापलेले ५१६ शोधनिबंध घेतले आणि त्यांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागितला. निबंध जसजसा जुना, तसतशी त्याचा डेटा अजून शाबूत असण्याची संभाव्यता दर वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी घटत गेलेली दिसली. ईमेलचे पत्ते बंद झाले होते, डेटा जुन्या साठवण-साधनांत अडकला होता. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. जपण्याची जबाबदारी एकेका माणसावर सोडली की हेच होते.

तारीख का बदलते

निष्कर्षांपेक्षा मूळ नोंद जपणे का महत्त्वाचे, हे कार्बन-१४ च्या उदाहरणातून नीट कळते. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये ही कालमापनाची पद्धत सिद्ध केली आणि १९६० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. त्यांनी कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,५६८ वर्षे धरले होते. नंतर अधिक अचूक आकडा ५,७३० ठरला. जुन्या-नव्या तारखांची तुलना बिघडू नये म्हणून प्रयोगशाळा अजूनही जुन्याच आकड्याने ‘कार्बन वय’ सांगतात, आणि मग एका वक्राच्या आधारे त्याचे खऱ्या वर्षांत रूपांतर करतात. कारण हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण प्रत्येक काळात सारखे नव्हते. हा वक्र झाडांची वलये, गुहांमधले चुनखडीचे थर, तळ्यांचे थर यांवरून सतत सुधारला जातो. २०२० मध्ये आलेली ‘इंटकॅल २०’ ही आवृत्ती ५५ हजार वर्षांपर्यंत जाते. तिच्याआधीची २०१३ ची होती आणि त्याआधीची २००९ ची.

आता समजा, एखाद्याने फक्त ‘या खोलीवरचा गाळ ४,२०० वर्षांपूर्वीचा’ एवढेच नोंदवून ठेवले. वक्र बदलला की ती नोंद निकामी होते. पण प्रयोगशाळेचा क्रमांक, कार्बन वय, त्यातली संभाव्य चूक, नमुना किती खोलीवरचा आणि तारीख लाकडाची काढली की गाळाची, हे सारे लिहिलेले असेल तर कोणीही नव्या वक्राने वय पुन्हा काढू शकतो. ‘किती वर्षांपूर्वी’ मधले ‘पूर्वी’ कुठून मोजायचे, हेही स्पष्ट हवे. कार्बनवाल्यांचे ‘आज’ म्हणजे १९५० साल. बर्फाच्या थरांवर काम करणारे अनेकदा २००० साल धरतात. लिहायचे राहिले तर पन्नास वर्षांचा घोळ होतो.

वय बदलले की कोळशाचा आकडाही बदलतो. अभ्यासकांना हवे असते ते दर चौरस सेंटिमीटरवर दर वर्षी किती कण साचले, याचे प्रमाण. ते काढायला कणांची घनता गाळ साचण्याच्या वेगाने गुणावी लागते, आणि तो वेग ठरतो वयावरून. वय चुकले तर जिथे वणवा नव्हता तिथे वणवा दिसू लागतो.

शंभर भाषांतले एक जग

एका तळ्याचा तक्ता त्या तळ्यापुरता बोलतो. साऱ्या पृथ्वीवर आगीचे मान कधी वाढले आणि कधी घटले, हे विचारायचे तर शेकडो तक्ते एकत्र यायला हवेत. अडचण अशी की कोणी कण मोजले, कोणी त्यांचे क्षेत्रफळ, कोणी परागकणांच्या तुलनेतले प्रमाण, कोणी वजन. चाळण्या वेगळ्या, एकके वेगळी.

आंतरराष्ट्रीय ‘ग्लोबल पेलिओफायर’ गटाने यातून वाट काढली. प्रत्येक तळ्याच्या आकड्यांची दुसऱ्या तळ्याशी थेट तुलना करायची नाही. त्या तळ्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा ते कधी वर गेले आणि कधी खाली आले, एवढेच पाहायचे, आणि हा चढउतार सर्वांसाठी एका मापात आणायचा. मिचेल पॉवर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या ‘जागतिक कोळसा डेटाबेस’वरून गेल्या हिमयुगाच्या ऐन थंडीपासूनचा, म्हणजे सुमारे २१ हजार वर्षांचा आढावा घेतला. त्याच वर्षी जेनिफर मार्लन आणि सहकाऱ्यांनी ४०६ नोंदी घेऊन गेल्या दोन हजार वर्षांचा आलेख काढला. इसवी सनाच्या सुरुवातीपासून १७५० च्या सुमारापर्यंत जगातली आग एकंदरीत घटत गेली, १७५० ते १८७० मध्ये झपाट्याने वाढली आणि १८७० नंतर पुन्हा एकदम उतरली, असे त्यात दिसले. शेवटच्या उतरणीमागे शेती आणि चराईचा विस्तार, तसेच आगी विझवण्याचे प्रयत्न होते, असे त्यांनी मांडले.

२०१६ मध्ये आलेल्या या डेटाबेसच्या तिसऱ्या आवृत्तीत ७३६ नोंदी होत्या. २०२२ मध्ये इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या सँडी हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी जुन्या संचांतल्या चुका आणि दुबार नोंदी तपासल्या, कालमापन शक्य तिथे नव्या वक्राने पुन्हा केले आणि १,४८० ठिकाणांच्या १,६७६ नोंदींचा संच खुला केला. आकडा मोठा झाला हे महत्त्वाचे आहेच, पण त्याहून मोलाची आहे ती छाननी. एकच तळे दोन नावांनी दोनदा आले तर त्याचे म्हणणे दुप्पट वजनाने मोजले जाते. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर डोंगरातले तळे समुद्रात जाऊन पडते.

सर्वांत फसवी असते ती रिकामी चौकट. नमुना तपासला आणि कण सापडला नाही, तर तिथे शून्य लिहायचे. नमुना तपासलाच नाही तर तिथे ‘नोंद नाही’ असे लिहायला हवे. जुन्या संचांत त्यासाठी उणे ९९९ सारखा अशक्य आकडा लिहीत. ही खूण न ओळखणाऱ्या संगणकाने तो खरा आकडा मानून सरासरी काढली की हजार वर्षांचा इतिहास विकृत होतो. आणि मोकळी चौकट शून्य समजली गेली, तर न तपासलेल्या शतकात आग लागलीच नाही असा निष्कर्ष निघतो.

आकड्यांची घरे

ही दफ्तरे आज कुठे आहेत? अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या पुराहवामान विभागात वणव्यांच्या पुराव्यांचा आंतरराष्ट्रीय संग्रह आहे. खोडावरचे व्रण आणि गाळातला कोळसा हे दोन्ही तिथे ठेवले जातात आणि कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. जर्मनीतला ‘पँजिया’ संग्रह प्रत्येक संचाला कायमस्वरूपी क्रमांक देतो. त्यामुळे संशोधक जसा निबंधाचा हवाला देतात तसा तक्त्याचाही देता येतो, आणि मोजणाऱ्याचे श्रेय त्याच्याकडेच राहते.

तिसरे घर आहे ‘निओटोमा’. हे एका अमेरिकन उंदराच्या वंशाचे शास्त्रीय नाव आहे. हा उंदीर आसपासच्या काटक्या, पाने, बिया, हाडे गोळा करून खडकाच्या कपारीत ढीग रचतो. त्याचे मूत्र वाळून स्फटिकासारखे घट्ट होते आणि कोरड्या वाळवंटात हे ढीग हजारो वर्षे टिकतात. त्यांतल्या वनस्पती पाहून शास्त्रज्ञ जुने हवामान ओळखतात. परागकण, हाडे, शिंपले, कोळसा अशा सर्व पुराव्यांच्या या डेटाबेसला त्या साठवणकऱ्या उंदराचे नाव मिळाले. तिथे परागकणांचे संच परागकणांचे जाणकार तपासतात आणि हाडांचे हाडांचे जाणकार, कारण चुकीची नोंद कोणती हे त्या विषयात हात काळे केलेल्यालाच कळते.

अशा जपणुकीचे फळ अनपेक्षित वेळी मिळते. २०२० मध्ये अमेरिकेच्या रॉकी पर्वतात भीषण वणवे लागले. पुढच्याच वर्षी फिलिप हिगेरा, ब्रायन शुमन आणि काइरा वुल्फ यांनी २० तळ्यांच्या कोळसा-नोंदींशी आजच्या आगींची तुलना केली आणि दाखवले की त्या उंच जंगलांत २१ व्या शतकात लागणारी आग गेल्या दोन हजार वर्षांतल्या कोणत्याही काळापेक्षा जास्त आहे. यातल्या अनेक तळ्यांचे कण आधीच्या वर्षांत, वेगळ्या प्रश्नांसाठी मोजले गेले होते.

नकाशातली मोकळी जागा

जगाच्या नकाशावर या नोंदींचे ठिपके लावले की उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया दाट भरतात. उपग्रहांना आज सर्वाधिक जळताना दिसणारा आफ्रिका खंड विरळ राहतो. दक्षिण आशियाही तसाच.

आपल्याकडे गाळाची वाण नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या सुमारे दहा मीटरच्या कोअरवरून भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ११ हजार वर्षांच्या मोसमी पावसाचा इतिहास वाचला आहे. शोनिल भागवत, सँड्रा नोगे आणि कॅथी विलिस यांनी कर्नाटकातल्या कोडगूमध्ये परागकण आणि कोळसा यांच्या आधारे साडेसात हजार वर्षांतले जंगल कसे तगले याचा शोध घेतला. लखनौची बिरबल साहनी संस्था १९४६ पासून प्राचीन वनस्पतींच्या पुराव्यांवर काम करत आहे. सह्याद्रीत तर आगीला माणसाचा हात फार जुना आहे. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, डोंगरउतारांवर जंगल तोडून-जाळून कुमरीची शेती होत असे. कोळशाचा कण आपण राबातला की वणव्यातला हे स्वतः सांगत नाही. त्यासाठी त्याच थरातले परागकण, बिया, गवताचे अवशेष यांची जोड लागते. म्हणजे एका कोअरवर चार जणांनी केलेली चार मोजमापे एकाच खोलीच्या क्रमांकाने एकत्र सापडायला हवीत.

महाराष्ट्रात आणि गोव्यात परागकण मोजणारे, तळ्यांचा आणि खाड्यांचा गाळ तपासणारे विद्यार्थी आहेत. परागकणांच्या काचपट्टीवर कोळशाचे काळे कण त्यांना दिसतातच. ते त्यांनी मोजावेत. सोबत खोली, नमुन्याचे आकारमान, चाळणीचे माप, एकक आणि प्रयोगशाळेचा क्रमांक लिहावा, न तपासलेल्या चौकटीत शून्य घालू नये, आणि प्रबंध सादर झाला की तो तक्ता एखाद्या खुल्या संग्रहात नोंदवून टाकावा. ज्या प्राध्यापकांच्या कपाटात अशा जुन्या वह्या पडून आहेत, त्यांनी त्या याच वर्षी बाहेर काढाव्यात.